काचेवरची वाफ

जुनी गाडी विकत घेताना विदोसावाचा एक नियम होता. आधी चासीवरचा नंबर, मग कॉफी. विकणाऱ्याच्या घरात एकदा कॉफी प्यायली की माणूस ओशाळतो आणि गंजलेला सांगाडाही पदरात पडतो. म्हणून इवान्यित्सा गावाच्या वरच्या डोंगरात, कोसाराबाईंच्या गोठ्याशी पोचताच ती तारेचा ब्रश घेऊन सरळ ट्रकखाली शिरली.

ट्रक टॅम कंपनीचा होता, जुन्या बनावटीचा, गोल नाकाचा. कोसाराबाईंचा नवरा त्यातून सोसायटीच्या रासबेऱ्या चाचाक शहरात नेत असे. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. नंबर घासल्यावर स्वच्छ उमटला. लाकडी हौदा कुजला होता, पण चासी सरळ होती.

"रातोमिर, बघ तरी," तिनं खालूनच हाक मारली.

तिचा धाकटा भाऊ दाराशी खिशात हात घालून उभा होता. त्याची बायको यागोदा गेल्यापासून त्यानं पाना हातात धरला नव्हता. एके काळी अख्ख्या चाचाकात जुन्या इंजिनाला हात लावावा तर त्यानंच. आता दोघांच्या वर्कशॉपचा गाडा विदोसावा एकटी ओढत होती. आज तिनं त्याला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

तो आत आला, केबिनचं दार उघडून बसला आणि तसाच बसून राहिला.

"आवडला वाटतं," कोसाराबाई म्हणाल्या. केबिनच्या आरशाला एक फडकं अडकवलेलं होतं. धुतलेलं, पण ओलसर. विदोसावानं त्याच्याकडे पाहिलं तशा त्या म्हणाल्या, "रोज सकाळी काच पुसते. सवय."

नवऱ्याची आठवण, विदोसावाच्या मनात आलं. मग कॉफी झाली, सौदा झाला.

दुसऱ्या दिवशी ट्रेलरवाला चेडो आला. तारेनं ओढून ट्रक वर चढवला, साखळ्या आवळल्या, आणि तिघं खाली निघाले. थंडी कडक होती, दरीत धुकं साचलं होतं. खाली गावातल्या बेकरीपाशी चेडोनं गाडी थांबवली. बुरेक, म्हणजे सारण भरलेली गरम पापुद्र्याची पोळी, घेऊन तो साखळ्या तपासायला मागे गेला आणि तोंडातला घास तसाच ठेवून परत आला.

"वर कुणी चढलंय का?"

"कोण चढणार?"

"काच वाफेनं भरलीय बाई. माणूस बसल्यासारखी."

विदोसावानं जाऊन पाहिलं. समोरच्या काचेचा चालकाकडचा भाग कोरडा होता. पलीकडचा, सोबत्याच्या बाजूचा, आतून वाफेनं पांढरा झाला होता. दार उघडलं. सीट रिकामी होती. हात फिरवला तर कोरडी आणि बर्फासारखी गार.

"गवत भरलेली सीट आहे. दमट असणार," ती म्हणाली.

"असणार," म्हणून चेडोनं बुरेकचा कागद चुरगळला. पुढच्या वाटेवर तो सारखा आरशातून मागे बघत राहिला.

वर्कशॉपमध्ये मात्र नवलच घडलं. रातोमिर सकाळी तिच्याआधी येऊ लागला. त्यानं इंजिन उतरवलं, दट्टे बाहेर काढले, हौद्यासाठी बीच झाडाच्या लाकडाच्या फळ्या स्वतः रंधल्या. दाढी करू लागला. दुपारी डबा घेऊन केबिनमध्ये चढायचा आणि तिथेच जेवायचा. विदोसावा खूश होती. खुशीत माणूस फार प्रश्न विचारत नाही.

केबिन पार पत्र्यापर्यंत खरवडली. जुनी सीट जाळली, नवी शिवून घेतली. काचाही नव्या बसवल्या. त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी तिनं पाहिलं तर नव्या काचेचा तोच अर्धा भाग आतून पांढरा होता. थेंब ओघळून खालच्या रबरावर साचले होते.

तिनं फडकं घेतलं आणि पुसायला लागली.

"पुसू नकोस," मागून रातोमिर म्हणाला.

"अरे, रबर कुजेल."

"कुजू दे. नवीन घालीन." आवाज चढला नव्हता, पण त्यानं तिच्या हातातून फडकं काढून घेतलं. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. गार होती. वर्कशॉपमधली शेगडी तर केव्हाची पेटली होती.

त्या दुपारी तिनं कोसाराबाईंना फोन लावला. मागचे दिवे मूळचे आहेत का, हे विचारायचं निमित्त होतं. मग म्हणाली, "ती काच… तुम्ही रोज पुसायचात."

पलीकडे चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला.

"तिकडे कोण बसतं त्यात?" बाईंनी विचारलं.

"माझा भाऊ."

"बायको आहे त्याला?"

"वारली. वर्ष होईल आता."

"मग तो नाही पुसू द्यायचा," कोसाराबाई म्हणाल्या. "तुम्ही पुसत राहा, बाई. आमच्याकडे मी उशिरा सुरू केलं, तोवर नवरा हातचा गेला होता." आणि फोन ठेवला.

विदोसावानं ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. तरी दोनदा ती पहाटे लवकर गेली. दोन्ही वेळा रातोमिर आधीच केबिनमध्ये होता, आणि शेजारच्या कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा हसत होता.

ट्रक मुळात नोव्ही सादच्या एका संग्राहकासाठी घेतला होता. "त्याला दुसरा शोधू," रातोमिर म्हणाला. "हा माझ्या नावावर करायचाय." भाऊ जगायला लागला होता, तिनं वाद घातला नाही.

गाडीच्या सरकारी तपासणीच्या दिवशी कागद घेऊन ती बसनं पुढे गेली. रातोमिर ट्रक घेऊन आला. इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं होतं. तपासनीस ल्युबिशा जुन्या गाड्यांचा शौकीन. त्यानं नंबर पडताळला, दिवे पाहिले, ट्रक ब्रेक तपासायच्या रोलरवर घ्यायला सांगितला.

"आत फक्त चालक हवा," तो ओरडला. "सोबतच्या बाईंना उतरायला सांगा."

"बाई इथे आहे," विदोसावा त्याच्या शेजारून म्हणाली.

ल्युबिशानं तिच्याकडे पाहिलं. मग वाफेनं भरलेल्या काचेकडे. रातोमिरनं हात लांबवून पलीकडची खिडकी खाली केली. सीट रिकामी होती.

ल्युबिशानं ब्रेकचे आकडे लिहिले, शिक्का मारला. निघताना नेहमीसारखा हात मिळवला नाही.

"मीही येते तुझ्याबरोबर," विदोसावा म्हणाली.

रातोमिर क्षणभर घुटमळला. "ये की. फक्त दाराकडे सरकून बस, ताई. जागा राहू दे मध्ये."

ती दाराला चिकटून बसली. कोट मांडीखाली घट्ट ओढून घेतला.

ट्रकला हीटर नव्हता. दोन्ही बाजूंच्या शेतांवर दव गोठलं होतं. पहिलं वळण यायच्या आत तिच्यासमोरची काच तिच्याच श्वासानं धुरकटली. त्यात काही विशेष नव्हतं. मधला भागही धुरकटला, जास्तच दाट.

रातोमिर बोलत होता. पुष्कळ दिवसांनी एवढं बोलत होता. वसंतात ट्रक घेऊन समुद्रावर जाऊ, मोंटेनेग्रोच्या बाजूनं. यागोदाला समुद्र फार आवडायचा.

त्याच्यासमोरची काच लखलखीत होती.

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो बोलत होता, हसत होता.

"रातोमिर," ती म्हणाली, "काचेवर जरा हाऽ कर."

"का गं?"

"कर ना. लहानपणी करायचो तसं."

तो हसला. स्टिअरिंगवर पुढे झुकला, तोंड मोठं उघडलं आणि काचेला नाक लागेल इतक्या जवळून हाऽ केलं.

काच तशीच कोरडी राहिली, पलीकडे रस्ता स्वच्छ दिसत होता. मोराव्हा नदीवरचा पूल, पुलावरचा प्रत्येक दिवा.

"बघ," तो म्हणाला, "माझ्या बाजूला पुसावंच लागत नाही."