नावाआधीचं ‘कै.’

शकू, दार लोटून घे, वारा येतोय. आणि हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट आमच्या कमलाकांत सावेची. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

सन सहासष्ट, तेरा डिसेंबर, मंगळवार. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली. कमलाकांत शहरात एका विद्यापीठात कारकून होता. विद्यापीठ आपल्या पहिल्यावहिल्या विद्वानांचा सत्कार करणार होतं. त्यात आपल्या मासवणचे चुरीसर. कोळ्यांचे, वारल्यांचे शब्द गोळा करण्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस. यादी करायची कमलाकांतनं. हा खुद्द त्यांचा विद्यार्थी! पण अकरा वर्षांत गुरूच्या दारी फिरकला नव्हता. कोणीतरी म्हणालं, ‘म्हातारा कधीच गेला.’ यानं चौकशी न करता नावाआधी ‘कै.’ लावलं. पत्रिका छापून वाटल्यासुद्धा.

त्या मंगळवारी सकाळी सरांचंच कार्ड आलं. ‘सत्काराचं वाचलं. मी अजून दोन वेळ जेवतो आहे. येऊन भेट.’

मेल्याहून मेला झाला बिचारा. बिचारा कसला, गाढव! शाल-नारळ घेऊन पालघरला उतरला, मनोरकडची शेवटची एस.टी. धरली. मासवण फाट्यावर पोचला तेव्हा पावणेआठ. मिट्ट काळोख.

फाट्यावर सर उभे. हातात कंदील.

“आलास?”

“सर, मी... चुकलो.”

“चल. पाय दुखतात रे, हळू चाल.”

वाटभर कमलाकांत बोलत होता. रडत होता. सर नुसतं ‘हं’ म्हणत.

कंदिलाच्या उजेडात सावली एकच. याची.

घर आलं. ओटीवर बायका बसलेल्या. सरांची बहीण काशीबाई म्हणाली, “उशीर केलास रे पोरा. दुपारीच गेला दादा. आताच नदीवरून आलीत मानसं.”

“पण सर माझ्याबरोबर...”

मागे कोणी नव्हतं. कंदीलही नाही.

“सकाळपासून सांगत व्हता, कमलाकांत येल. त्याला सांगा, मी रागावलो नाय.”

रागावले असते तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. आपण लिहिलेलं खोटं सरांना खरं करावं लागलं, हे त्याच्या जिवाला लागलं ते लागलंच.

शनिवारी सत्कार झाला. दाराशी पाहुण्यांची वही होती. नाव लिहायचं, आणि कोणाबरोबर आलात ते पुढच्या रकान्यात. सगळे गेल्यावर कमलाकांत वही मिटायला गेला...

शेवटची ओळ सरांच्या हातची. शाई ओली.

नाव : एकनाथ चुरी.

बरोबर : कमलाकांत.