दुसऱ्या आवाजाची जागा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्यांना "जरा कमी पीत जा" अशी कमेंट टाकायची असेल, त्यांनी इथूनच मागे फिरावं. मला वाद घालायला वेळ नाही. आणि खरं सांगू का, हिंमतही नाही.

रात्रबित्र काही नव्हती. ऑगस्टमधला शुक्रवार, भर दुपार. दोहातल्या अल थुमामा भागात, माझ्या मावसभावाच्या, सुशांतच्या घरी हे घडलं.

शुक्रवारी नमाजाच्या वेळेला इथे दुकानं बंद असतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

सुशांतची बायको मालविका, म्हणजे माझी वहिनी. मूळची सांगलीची, पण गाणार काय, तर कंट्री! अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गिटारवरची गाणी. आमच्या मामांना "कंट्री" म्हटल्यावर बाटलीच आठवली होती, तो भाग वेगळा. पण गळा असा, की दोहाच्याच वेस्ट बे भागातल्या हॉटेलात ती शुक्रवार सोडून रोज संध्याकाळी गायची आणि लोक जेवायचे थांबायचे.

त्यांची पोरगी दुर्गी सहा वर्षांची. ती सांगलीला आज्जीकडे, वहिनीच्या आईकडे. संध्याकाळी दोघंही कामावर, पोरीला बघणार कोण? म्हणून वहिनीने ठरवलेलं... स्वतःचा अल्बम काढायचा, नाव झालं की हॉटेल सोडायचं, दिवसा गाणं शिकवायचं आणि दुर्गीला इकडे आणायचं.

पोर रोज फोनवर विचारायची, "आई, झाला का गं तुझा अल्बम?"

अल्बममध्ये काही जुनी गाणी नव्याने गायलेली आणि बाकीची ड्युएट. ड्युएटमधला पुरुषाचा आवाज विजयकुमारचा. तो बंगळुरूला. वहिनीने इथे आपल्या ओळी गायच्या, त्याच्या ओळींच्या जागा मोकळ्या सोडायच्या. मग तो तिकडे गाऊन फाइल पाठवणार. हल्ली असंच चालतं.

स्टोअररूमच्या भिंतींना गाद्या लावून दोघांनी स्टुडिओ केला होता. रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद ठेवावा लागायचा, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. ऑगस्टमध्ये एसी बंद! नुसती भट्टी.

त्या शुक्रवारी सुशांतची दिवसाची ड्युटी होती. वहिनी एकटीच. तिने लॅपटॉप चालू केला, हेडफोन लावला, पहिली ओळ गायली.

मग मोकळी जागा आली.

आणि हेडफोनमध्ये...

कुणीतरी श्वास घेतला.

गाणारा माणूस ओळ उचलायच्या आधी घेतो ना, तसा.

मग आवाज आला. पुरुषाचा, खालच्या पट्टीतला.

वहिनी घाबरली नाही. तिला वाटलं, विजयकुमारची फाइल आलेली दिसते, सुशांतने लावून ठेवली. ती उलट रंगात आली. एक गाणं, दुसरं, तिसरं. आयुष्यात एवढी छान कधी गायली नव्हती, असं ती स्वतः मला म्हणाली.

संध्याकाळी सुशांतने ऐकलं. "अगं, काय गायलाय हा पठ्ठ्या! तू फाइल डाउनलोड केलीस?"

"मी कुठे? तू नाही का लावलीस?"



सुशांतने विजयकुमारला फोन लावला. तो खोकत म्हणाला, "सॉरी यार, आठ दिन से बुखार है. मैंने अभी तक कुछ गाया ही नहीं."

सुशांतने पुन्हा लॅपटॉप उघडला. दुसऱ्या आवाजाची वेगळी फाइल नव्हतीच. दोन्ही आवाज एकाच माइकमधून, एकाच वेळी रेकॉर्ड झाले होते.

म्हणजे हेडफोनमध्ये ऐकू आलेला तो आवाज कुठल्या फाइलचा नव्हताच.

तो खोलीतून आला होता.

"खलास. डिलीट करतो हे सगळं," सुशांत म्हणाला.

आणि इथे वहिनीने नको ते केलं. तिने त्याचा हात धरला. "नको रे. असं गाणं पुन्हा होणार नाही माझ्याकडून. ठेवूया. दुर्गीला आणायचंय ना आपल्याला?"

आता बोला! पोरीसाठी आई काय काय करते. आवाज ठेवला. विजयकुमारला नाही कळवलं.

पुढच्या शुक्रवारी शेवटचं गाणं होतं. या वेळी सुशांत दाराबाहेर बसला होता.

वहिनीने तोंड उघडलं...

तिच्या आधी तो गायला.

तिची ओळ.

ती थांबली. तो थांबला नाही. तिने पुढची ओळ घाईने उचलली, तर तो मोठ्याने गाऊ लागला, अगदी अंगावर धावून आल्यासारखा. तिने हेडफोन काढून फेकला.

आवाज तसाच चालू.

माइकच्या पलीकडून.

मग गाणं तुटलं, आणि स्वच्छ मराठीत, दात खाऊन कुणीतरी म्हणालं, "जागा दिलीस ना? मग आता गप्प बस."

वहिनी किंचाळली. सुशांत दार ढकलून आत आला, तर ती भिंतीला टेकून उभी होती. माइकवरचा स्पंज ओला होता. तिच्या बाजूने नाही हो... मागच्या बाजूने. जिथे कुणी उभंच नव्हतं.

सुशांतने सगळी गाणी लावून बघितली. अख्ख्या अल्बममध्ये वहिनीचा आवाज राहिला नव्हता. तिने एकटीने गायलेल्या गाण्यांतही नाही. सगळीकडे तोच.

सुशांतने सगळं पुसून टाकलं. लॅपटॉपसुद्धा फोडला.

त्याच संध्याकाळी सांगलीहून फोन आला. वहिनी हॅलो, हॅलो करत होती आणि पलीकडून दुर्गी रडत होती.

"आई, बोल ना गं! तू बोलत का नाहीस?"

सुशांत बोलला की ऐकू जायचं. वहिनी बोलली की काहीच नाही. फोन बदलले, मला बोलावून घेतलं, माझाही फोन वापरून बघितला. समोर बसून तिचा आवाज मला नीट ऐकू येत होता, पण फोनमध्ये जात नव्हता. माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे ही.

शेवटी मीच म्हटलं, "वहिनी, यल्ला, चला, बॅग भरा आणि पोरीकडे जा. समोर गेल्यावर सगळं ठीक होईल."

ती आणि सुशांत सांगलीला पोचले. दारातूनच तिने हाक मारली, "दुर्गे!" पोर धावत आली, गळ्यात पडली. आवाज ऐकू गेला होता! वहिनीला रडू आवरेना.

तेवढ्यात आज्जीचा फोन वाजला.

आज्जीला कमी ऐकू येतं, ती नेहमी स्पीकरवर बोलते. तिने फोन उचलला...

"आई, दुर्गीला तयार ठेव. मी न्यायला निघालेय."

वहिनीचाच आवाज. तिचाच लाडिक हेल.

आणि वहिनी तिथेच उभी होती, पोरीला कवटाळून.

दुर्गीने फोनकडे बघितलं. मग वहिनीकडे. हळूच तिने गळ्यातले हात सोडवले आणि मागे सरकली.

"ती आई आहे..." ती म्हणाली. "मग तू कोण?"

नंतर आज्जीने फोन कायमचा बंद करून टाकला. सुशांत एकटाच दोहाला परतला, अल थुमामाचं घर सोडलं. तो कोण होता, काय होता, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

दिवाळी येऊन गेली. दुर्गी अजून आज्जीजवळच झोपते. आईला ती जवळ येऊ देत नाही.