कापलेलं पान

दुसानेकाकू आत पाऊल टाकणार, एवढ्यात लिफ्ट अदबीने म्हणाली, "नमस्कार. आपला उपयोगांक आज अकरा. कृपया जिना वापरावा."

मागे उभा असलेला निनाद खांबेटे शरमला. त्याचा उपयोगांक एकसष्ट होता. पण लिफ्टचं वाक्यही त्याचंच होतं.

गेल्या दिवाळी अंकात त्याने भयकथा लिहिली होती. माणूस आज कुणाच्या किती कामाचा, हे त्याच्या फोनवरून हेरून आकडा काढणारी लिफ्ट. चाळीसच्या खालच्यांना जिना. वाचून लोकांचा थरकाप उडावा, अशी त्याची अपेक्षा. सोसायटीचे सेक्रेटरी भामरे यांनी ती वार्षिक सभेत मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "विजेची केवढी बचत! शिवाय लेखक आपल्याच बिल्डिंगचा." तशीच लिफ्ट बसवायचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्या एकमतात निनादही होता. आपली कथा कुणीतरी पूर्ण वाचली, या आनंदात हात आपोआप वर गेला होता.

त्याने काकूंची पिशवी उचलली. काकूंचं घर पाचव्या मजल्यावर, गुडघे चौऱ्याहत्तर वर्षांचे.

"तू कशाला येतोस? तुला नेते की ती."

"व्यायाम, काकू."

"पोट बघून वाटत नाही."

खिशातला फोन थरथरला : 'जिन्यात वेळ वाया. उपयोगांक बावन्न.' तिसऱ्या मजल्यावर काकू पायरीवर बसल्या, तोवर तो एकोणचाळीसवर आला होता.

"तुझ्या गोष्टीतली म्हातारी इथेच बसते ना? मीच ती?"

"...हो."

"मग पुढे काय होतं तिचं? पान उलटलं, तर थेट गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात."

पुढे एक पान होतं. त्यात शेजारी बाहेर येतात, तिला खुर्चीवर बसवून वर नेतात. पण संपादकांचा फोन आला होता, "पानभर जाहिरात आलीय, शेवट कापू?" आणि निनाद ऐटीत म्हणाला होता, "कापा. अधुरा शेवट भारदस्त वाटतो."

"ते तेलही आणलं मी," काकू म्हणाल्या. "तेही माझ्यासारखंच, उपयोगांक अकरा."

समोर चार बंद दारं होती. आत चार टीव्ही. निनादने घसा खाकरला आणि कापलेल्या पानातलं पहिलं वाक्य जोरात म्हटलं,

"कुणाकडे खुर्ची आहे का?"

एकेक करून चारही टीव्ही गप्प झाले. आता दार उघडणार होतं, की आतून फक्त कड्या तपासल्या जात होत्या?