हात लागलेला उंट

लालसूचा एक फोटो आणायचा, एवढंच काम होतं. लालसू गेल्या पावसाळ्यात तापानं गेला. तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेला यंदा त्याचं नाव द्यायचं ठरलं, म्हणून मंडळाचा सचिव संघपाल चामोर्शीहून मोटरसायकल काढून मुलचेऱ्यापलीकडच्या त्याच्या गावी गेला. भर दुपार होती. अंगणात मोहफुलं वाळत होती, त्यांचा गोडसर दर्प डोक्यात चढत होता. लालसूच्या बहिणीनं, बुधरीनं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

"फोटो तिथी आहे, भाऊ."

आत पट मांडलेला होता. संघपालनं डाव लगेच ओळखला.

सतरा वर्षांपूर्वीची जिल्ह्याची फायनल, त्या दोघांचीच. संघपालकडे पांढरे होते. लालसू काळ्यांनी त्याचा लाडका ड्रॅगन खेळला होता. भलता जहाल बचाव हो तो! राजाशेजारी उंट दबा धरून बसतो आणि सगळा पट तिरका कापतो. पांढऱ्यानं मागंपुढं न बघता कडेचं प्यादं रेटायचं, हत्तीला वाट फोडून द्यायची, आणि एक चाल उशीर झाला की आपणच मेलो. त्या दिवशी संघपालची दोन बोटं आपल्या उंटावर टेकली, आणि तेवढ्यात त्याला दिसलं... हत्ती देऊन घोडा मारला की पुढं मातच! नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, हात लागला की तोच मोहरा चालवायचा. त्यानं हत्ती उचलला.

"उंटाले हात लागला ना, भाऊ?" लालसूनं हळूच विचारलं होतं.

पंचांनी विचारलं तेव्हा संघपाल सरळ म्हणाला, "नाई." डाव जिंकून पुढच्या स्पर्धेला नागपूरला तोच गेला. लालसूला दुसरं बक्षीस मिळालं, किल्लीचं दोन तबकड्यांचं घड्याळ, आणि तो पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही.

आता पटावर पांढऱ्याची तीच चाल बाकी होती, आणि तेच घड्याळ शेजारी बंद पडलेलं होतं.

"मरेपर्यंत असाच मांडून बसे," दारातून बुधरी म्हणाली. "म्हणे, संघपालभाऊ आला तं विचारजो... लागला होता का हात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं पोरांना नियम शिकवणारा माणूस, पण मेली जीभ पुन्हा तशीच वळली.

"नाई, बाई."

टिक्... टिक्... घड्याळ सुरू झालं. पांढऱ्याच्या बाजूचं. वेळ संपल्याची लाल पट्टी काट्यानं उचलून धरली होती, आता पडते की मग पडते.

"कि... किल्ली कोणी दिली?"

"किल्ली तं त्याच्यासंगंच पुरली, भाऊ."

"लागला होता!" संघपाल ओरडला. "दोन बोटं लागली होती, बाई. मी खोटं बोललो. तुमच्याकडं पाहायची लाज वाटून राह्यली मले..." रडत रडतच त्यानं उंट सरकवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

त्याची बाजू थांबली. पलीकडची चालू झाली.

फोटो उचलून तो निघाला, तर बुधरीनं दारातच चटई अंथरली होती. तिनं पाण्याचा दुसरा पेला पटाशेजारी, काळ्यांच्या बाजूला ठेवला.

"बसा, भाऊ," ती हळूच म्हणाली. "लालसू चाल खेळायले लय वेळ लावते."