तीन कोऱ्या कुप्या

मधुकररावांना घोणस चावली होती आणि तिच्या विषावरची लस नागपूरहून पेंचच्या जंगलात पोहोचवायची होती. एवढंच काम! धरणासाठी जमीन मोजणारी त्यांची छावणी नदीपलीकडे होती आणि डॉक्टर उमरेडकडे कॉलऱ्याच्या साथीत अडकले होते. म्हणून निघाली ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची पुष्पलता, दवाखान्याचे जुने कंपाउंडर भैयाजी आणि रामटेकहून सोबत घेतलेले फॉरेस्ट गार्ड रामाजी. साल असेल सहासष्ट.

निघतानाच पुष्पलतेचा भैयाजींशी खटका उडाला. जीपच्या हादऱ्यांनी कुप्या फुटतात, म्हणून दौऱ्यावर जाताना भैयाजी त्या खोक्यांतून काढून बिस्किटांच्या डब्यात, कापसात निजवायचे. "निजवायचे" हा त्यांचाच शब्द!

"भैयाजी, औषध त्याच्या खोक्यातच राहू द्या. आम्हाले वर्गात हेच पहिलं शिकवते."

"अन् फुटलं तं वर्ग येते का भरून द्यायले? चिठ्ठी हाय ना हरेक कुपीवर!"

चिठ्ठी होती. कागदाची, डिंकाने चिकटवलेली.

जीपचा रस्ता संपला आणि पायवाट सुरू झाली. सागाच्या रुंद पानांवरून अजून पाणी ठिबकत होतं, बांबूच्या बेटांतून वाकून जावं लागत होतं, आणि रामाजी मध्येच थांबून अस्वलाची विष्ठा काठीने दाखवत होते, जणू गावातली देवळंच दाखवताहेत. पुष्पलतेला हसू आलं असतं, एरवी. तिच्या डोक्यात फक्त तो न पाहिलेला माणूस होता.

नदी मात्र हसण्यासारखी नव्हतीच. वर शिवनीकडे पाऊस झालेला. पाणी गढूळ, छातीइतकं! तिघांनी हात धरले. मध्यावर भैयाजींचा पाय शेवाळावरून सटकला. डबा सुटला! रामाजींनी उडी घेतली. एकदा दिसले, पुन्हा नाहीसे झाले. शेवटी खाली एका झुडपाला धरून, डबा पोटाशी कवटाळून ते खोकत बसलेले सापडले.

एकही कुपी फुटली नव्हती. पण झाकण उघडल्यावर पुष्पलता एकेक कुपी उचलून पाहू लागली. ओल्या कापसात कागदाचा लगदा झाला होता. लसीच्या बाटल्या बुचाच्या, त्या ओळखू येत होत्या. डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्या मोठ्या होत्या, त्याही. उरल्या तीन लहान कुप्या, अगदी सारख्या, पाण्यासारख्या औषधाने भरलेल्या. एकीत अ‍ॅड्रेनलिन होतं: लस अंगावर उलटली तर श्वास परत आणणारं. बाकीच्या दोन, साप नाग निघालाच तर म्हणून आणलेल्या; त्यातली एक तर कोंडलेला श्वास आणखी कोंडणारी.

छावणीत मधुकरराव बाजेवर पडले होते. हलवलं तर विष चढतं, म्हणून कोणी त्यांना हलवलंच नव्हतं. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा झालेला, हिरड्यांतून रक्त.

"आलं का बाई औषध?" त्यांनी विचारलं. इतक्या आशेने विचारलं की तिला त्यांच्याकडे पाहवेना.

तिने लस पाण्यात विरघळवली आणि शिकवल्याप्रमाणे आधी पातळ केलेला एक थेंब हाताच्या कातडीखाली सोडला. थोड्याच वेळात तिथे लालभडक गांध उठली. लस या माणसाला मानवत नव्हती!

भैयाजींनी तिला बाजूला घेतलं. "तरी देऊन टाक वं. उलटली तं तिन्हीतली एक कुपी फोडू. एक तं खरी हाय!"

"अन् दोन खोट्या. चिठ्ठी नाही ते औषध मी नाही टोचत, भैयाजी."

"मरून राहिला तो माणूस!"

"मले दिसते!" ती ओरडली आणि रडू लागली.

रडतच तिने त्यांना नागपूरला न्यायला बाज उचलायला लावली. बाजेसकट नदी ओलांडणं शक्य नव्हतं; राहिली पारशिवनीची लांबची, डोंगरावरची वाट. छावणीतल्या चौघांनी खांदे दिले. चढ निसरडा होता. बाज कलायची, मधुकरराव कण्हायचे, पुष्पलतेचा हात डब्याकडे जायचा. दिली असती तर? वर पोहोचता पोहोचता त्यांना रक्ताची उलटी झाली. खांदेकरी एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी पुटपुटलं, की आता कशाला पळायचं. "चला!" ती म्हणाली. तिचा स्वतःचाही विश्वास उरला नव्हता. पण बाज पुढे गेली, पारशिवनीला ट्रक मिळाला, आणि नागपूरच्या इस्पितळात पोहोचले तेव्हा नाडी लागत होती. जेमतेम.

तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवलं आणि मगच लस सुरू केली. ती उलटलीच! श्वास अडकला, ओठ निळे पडले, आणि ते भरलेलं इंजेक्शन गेल्यावरच छाती पुन्हा हलली. माणूस वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भैयाजी वॉर्डाच्या दाराशी यायचे आणि तिथूनच परत जायचे.

बोलण्याइतकी ताकद आल्यावर मधुकररावांनी पुष्पलतेला बोलावलं.

"तुमच्याजवळ औषध होतं ना तिथं?"

"होतं."

"मंग काहून नाही दिलं?"

तिने सगळं सांगितलं. डबा, नदी, गांध, तीन कोऱ्या कुप्या. इथे श्वास कसा अडकला आणि कशाने परत आला, तेही. त्यांनी ऐकून घेतलं. मग चादरीखाली जिथे काहीच नव्हतं, तिथे त्यांचा हात गेला.

"जीव वाचवला तुम्ही, कळलं मले. अन् हा पाय?"

"पायासाठी माझ्याजवळ काहीच नव्हतं, भाऊ," पुष्पलता म्हणाली.