झाकणाआतले थेंब

जपानमधल्या किताकातात माणसं सकाळी सकाळी रामेन, म्हणजे सूपमधल्या नूडल्स, खातात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दारातलं बर्फ उपसून हात आखडलेले असतात, रात्रपाळी करून आलेल्यांचे डोळे मिटत असतात. अशा वेळी गरम सूप पोटात गेलं की माणूस निदान दुपारपर्यंत तरी इतरांशी नीट वागतो. एंदोंचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, सोया सॉसच्या जुन्या गोदामाला पाठ लावून उभं होतं. एक लांब फळी, फळीपुढे स्टुलं, फळीमागे चूल आणि चुलीमागे दोन खोल्यांचं घर. दारावर निळा पडदा लागला की दुकान उघडलं, उतरला की बंद.

पडदा लावायचा एक नियम होता. सेइजिरो एंदो, म्हणजे मिनोरीचे वडील, रोज पहाटे सूपचा वाडगा घेऊन दाराजवळच्या शेवटच्या स्टुलावर बसायचे आणि रमतगमत तो संपवायचे. जमलं असलं तर उठून पडदा लावायचे. नसलं तर पातेलं ओतून द्यायचे आणि दिवसभर दुकान बंद. बाहेर थंडीत उभी असलेली गिऱ्हाइकं शिव्या घालत घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी हटकून परत यायची.

गेल्या मे महिन्यात सेइजिरो डोंगरात रानभाजी काढायला गेले, ते आलेच नाहीत. गावाने रान पिंजून काढलं. टोपली नाही, बूट नाही, काही नाही. मिनोरी सेंदाई शहरातली नोकरी सोडून आली आणि चुलीपाशी उभी राहिली. आईने, किनुयोबाईंनी, तिला एकच अट घातली.

"आता पडेल ते बर्फ वितळेपर्यंत बघू. तोवर गिऱ्हाईक वाडगा रिकामा करायला लागलं तर ठीक. नाहीतर पडदा उतरवायचा. ह्यांच्या नावावर भलतंसलतं विकलेलं मला चालायचं नाही."

गिऱ्हाईक वाडगा रिकामा करत नव्हतं. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. नूडल्स खायचे, मांसाचे काप खायचे, "छान होतं" म्हणायचे आणि दोन बोटं सूप तसंच ठेवून चालू पडायचे. ते मोरीत ओतताना मिनोरीला रोज रडू यायचं. स्पष्ट बोलणारे तेवढे मेगुरोकाका. लाकडाच्या वखारीत जन्म गेला आणि उरलेला जन्म याच फळीवर कोपर टेकण्यात.

"पोरी, तुझं सूप आमच्या जावयासारखं आहे," ते एकदा म्हणाले. "सुरुवातीला बरं वाटतं."

"आणि नंतर?"

"नंतर मी उठून घरी जातो."

सेइजिरोंच्या स्टुलावर कुणी बसत नसे. तिथे किनुयोबाई रोज सकाळी सावलीचं ताट मांडायच्या. घरचं माणूस दूर गेलं की ते असेल तिथे उपाशी राहू नये म्हणून त्याच्या नावाने वाढून ठेवायचं. त्यांच्या आजीने लढाईवर गेलेल्या नवऱ्यासाठी असं मांडलं होतं आणि तो धडधाकट परत आला होता. दुकानाच्या ताटात नुसतं सूप असायचं, लाखेच्या काळ्या वाडग्यात, वर झाकण. थोड्या वेळाने झाकण उलटं करून बघायचं. आत थेंब जमले असले तर माणूस जिवंत आहे, कोरडं निघालं तर नाही. मग ते गार सूप घरच्यांनी पिऊन टाकायचं.

"बघ, घाम आलाय ह्यांना," किनुयोबाई झाकण दाखवायच्या. "चढ चढतायत कुठला तरी."

"आई, गरम सूपवर काहीही झाकलं तरी थेंब येणारच." एकदा मिनोरीने कंटाळून ते झाकण त्यांच्या हातातून घेतलं, फडक्याने कोरडं केलं आणि उकळत्या पातेल्यावर धरलं. बघता बघता आतली बाजू थेंबांनी भरली. "हे घे. आता पातेलंपण डोंगर चढतंय का?"

किनुयोबाई रागावल्या नाहीत. "फार राहिलीस तू सेंदाईत," एवढंच म्हणाल्या. मिनोरीला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

जानेवारीत आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्या आतल्या खोलीत गादीला खिळल्या आणि ताट मांडणं-उचलणं मिनोरीकडे आलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वाडग्यातलं सूप कमी होतंय. थोडंथोडकं नाही. काठाखाली तेलाची बारीक रेघ राहायची, तिथवर सूप होतं हे दिसायचं, आणि आताचं सूप तिच्या बरंच खाली असायचं.

झाकलेल्या वाडग्यातून वाफ होऊन इतकं जात नाही. मांजर झाकण परत ठेवत नाही. आईला तर उठवत नव्हतं.

"काका, बाबांच्या वाडग्याला हात लावलात का?"

"मी?" मेगुरोकाकांनी खायच्या काड्या खाली ठेवल्या. "वेड लागलंय का मला?" आणि ते आपला वाडगा उचलून एक स्टूल पलीकडे सरकले.

दुसऱ्या दिवशी मिनोरीने नूडल्स उकळल्या, वाढल्या, पण नजर त्या वाडग्यावरून हलवली नाही. झाकण जागचं हललं नाही. गिऱ्हाइकं गेल्यावर तिने ते उचललं. आत नेहमीसारखे थेंब होते. सूप खाली गेलं होतं. आणि काठावर एका ठिकाणी तेल पुसलं गेलं होतं, ओठ टेकले तर पुसलं जाईल तेवढंच.

तिची पाठ गार पडली. पण दोनचार सकाळी अशाच गेल्यावर भीतीच्या वर दुसरंच काही डोकं काढू लागलं. तिला राग आला. बाबासुद्धा दोन बोटं सूप ठेवून जात होते!

तिने मेगुरोकाकांचा उष्टा वाडगा आणून त्या काळ्या वाडग्याशेजारी ठेवला. दोन्हींत सूप सारखंच उरलं होतं. आई आजारी पडल्यापासून ताटातलं सूप ती मोरीत ओतत आली होती. त्या दिवशी ती बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि ते गार सूप प्यायली.

कडू होतं. जिभेच्या मागे चिकटून राहणारं, ओलसर, माशांच्या डोक्यांचं कडूपण.

दाराच्या फटीतून वारा येत होता. ती सूप नेहमी चुलीपाशी चाखायची, जीभ भाजेल इतकं गरम, एक घोट. बाबा या कोपऱ्यात बसून ते निवेपर्यंत प्यायचे. आपल्या सूपचा शेवट कसा लागतो हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

ती तशीच आत धावली.

"आई, बाबा सुक्या तारल्या सूपमधून कधी काढायचे?"

"पाण्याला उकळी फुटायच्या आत. का गं?"

"मी रात्रभर उकळते. बाबाच म्हणाले होते, तारल्या रात्रभर ठेवायच्या म्हणून."

"अगं, गार पाण्यात ठेवायच्या! चुलीवर नव्हे!" किनुयोबाईंनी कपाळाला हात लावला. "डोकी तरी काढतेस का?"

"डोकी काढायची असतात?"

मे महिन्यानंतर आई पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण आई, तू रोज ते गार सूप पीत होतीस. कडू लागतंय म्हणून बोलली का नाहीस?"

"मला वाटलं," किनुयोबाई पांघरुणाचं टोक चाळवत म्हणाल्या, "हे नाहीत म्हणून मलाच सगळं कडू लागतंय."

त्या रात्रीपासून तारल्या गार पाण्यात पडल्या, डोक्यांवाचून. मिनोरी रोज पहाटे बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसून आपला वाडगा निवेपर्यंत प्यायची आणि मग मिठाचं, चरबीचं बघायची. काळ्या वाडग्यातलं सूप आता रोज आणखी थोडं खाली जायचं. तिची भीती कधी गेली हे तिलाही कळलं नाही. झाकण उचलताना ती परीक्षेचा निकाल बघितल्यासारखी श्वास रोखायची, आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त संपलेलं दिसलं की तिला दिवसभर गुणगुणावंसं वाटायचं.

मग छपरांवरचं बर्फ धपाधप घसरायला लागलं. अशाच एका सकाळी तिने आपल्या वाडग्याचा शेवटचा गार घोट घेतला आणि ती नुसती बसून राहिली. तोंडात फक्त गोडवा होता. तिने उकळतं सूप काळ्या वाडग्यात ओतलं, झाकण ठेवलं, आणि जाऊन पडदा लावला.

मेगुरोकाका आले. इस्पितळातली रात्रपाळी संपवून एक नर्सबाई आल्या. बर्फ उपसणारे दोघे आले. फळी भरली. बराच वेळ नुसते भुरके ऐकू येत होते. कुणी "छान आहे" म्हटलं नाही.

मेगुरोकाकांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला. मान मागे गेली. चेहरा वाडग्याआड गेला आणि तिथेच राहिला. मग त्यांनी तो तिच्यासमोर फळीवर ठेवला. तळाशी निळ्या अक्षरांत लिहिलेलं एंदो हे नाव दिसत होतं. कितीतरी महिन्यांत ते कुणाच्या वाडग्यात दिसलं नव्हतं.

"जावई सुधारला," ते म्हणाले आणि मफलरने नाक पुसायला लागले.

नर्सबाईंचा वाडगा आला. मग त्या दोघांचे. एकामागून एक निळं नाव तिच्यापुढे उभं राहत गेलं. मिनोरीला ओरडावंसं वाटलं आणि ती ओरडलीच.

"आई! रिकामे! सगळेच्या सगळे!"

आतून टाळ्या वाजल्या. "पडदा राहू दे गं! राहू दे तिथेच!" किनुयोबाईंचा आवाज इतका खणखणीत आला की गिऱ्हाइकंही हसली. जिंकलेल्या माणसासारखी मिनोरी फळीला धरून उभी राहिली.

गिऱ्हाइकं गेल्यावर ती शेवटच्या स्टुलापाशी गेली.

झाकण उचललं.

वाडगा स्वच्छ होता. तळाशी थेंबभर सूप नाही. कडेला तेलाची रेघसुद्धा नाही.

"प्यायले," ती पुटपुटली, आणि मग मोठ्याने म्हणाली, "आई, बाबांचापण! सगळा संपलाय!"

"मला ठाऊकच होतं!" आई हसत होती, की रडत होती. "आणि थेंब? थेंब बघ."

मिनोरीने झाकण उलटं केलं.

तिने आतून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"मिनोरी? आहेत ना गं थेंब?"

"आणते," ती म्हणाली. ती चुलीपाशी गेली आणि तिने झाकण उकळत्या पातेल्यावर धरलं.

वाफ दाट होती. तिच्या पापण्या ओल्या झाल्या, केस कपाळाला चिकटले, मनगटावरून पाणी ओघळत कोपरापर्यंत आलं. आतून आई पुन्हा हाका मारत होती. मिनोरीने झाकण आणखी खाली धरलं, आणखी थोडा वेळ, आणि मग वर घेऊन बघितलं.

झाकण कोरडं होतं.