घरासकट कोल्हापूर

‘या फेरीनंतर कोल्हापूर तुमचंच होईल.’ नगरफेरी समितीच्या हिवाळी पत्रकात, तांबड्या रश्श्याच्या छायाचित्राखाली हे विधान ठळक अक्षरांत छापले होते, आणि डॉ. आकाराम साळोखे यांनी ते चहा निवायच्या आत निकालात काढले होते. फेरी म्हणजे सकाळपासून जेवणापर्यंतची पायपीट; एवढ्या अवधीत माणसाला भाड्याची खोलीसुद्धा आपली वाटत नाही. ‘तुमचंच’ हा निव्वळ उर्मटपणा. ‘होईल’ तेवढे हुशारीचे, कारण जे पुढे व्हायचे आहे त्याला आज कोणी खोटे ठरवू शकत नाही.

पत्रक क्रांतीने लिहिले होते. क्रांती त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी, शाहूवाडीकडची, प्रबंध अर्धवट टाकून गेलेली. साळोख्यांनी या शहराच्या इतिहासात हयात घालवली होती. त्यांच्या ग्रंथाच्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात वाळवीच्या पोटापाण्याची सोय करत होत्या, आणि क्रांतीच्या फेरीत डिसेंबरभर जागा मिळत नव्हती. लोक तिच्यामागे चालत, तिच्या विनोदांना हसत. हे त्यांना पाहवत नव्हते. या न पाहवण्याला त्यांनी ‘अभ्यासकाचे कर्तव्य’ असे नाव दिले. आणि तिच्या चुका चारचौघांत पकडण्यासाठी एका रविवारी कानटोपी व मास्क चढवून, परक्या नावाने त्या फेरीत जाऊन उभे राहिले.

पंचगंगेच्या घाटावर धुके होते. पलीकडे कुणीतरी धुणे आपटत होते. माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

“नावं राहू द्यात,” क्रांती म्हणाली. “गाव सांगा. आमच्याकडं पावण्याला आधी गाव इचारत्यात.”

विश्वजित नावाचा एक निवृत्त अभियंता पुण्याहून आला होता. “पुण्यात घर आहे,” तो म्हणाला, “पण बदल्यांत आयुष्य गेलं. आपलं म्हणावं असं गावच नाही हो मला.”

मग साळोख्यांची पाळी आली.

“नाशिक,” ते म्हणाले.

“आणि कोल्हापुराशी काय नातं?”

“काही नाही.”

“काईच न्हाय?”

“काहीच नाही.” त्यांनी ते जरा जोरातच सांगितले.

क्रांतीने मान हलवली आणि ती पायऱ्या चढू लागली.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या. त्यांच्या अंगातून वाफ निघत होती. गवळी सयाजी समोरच धार काढून फेसाळ पेले हातात देत होता. साळोखे लहानपणापासून इथे दूध पीत आले होते. सयाजीच्या थोरल्याचे लग्नही त्यांनीच जमवले होते. दूध प्यायचे म्हणून त्यांनी मास्क खाली घेतला. आता सयाजी ओरडणार आणि आपले बिंग फुटणार, या धास्तीने त्यांनी मान वळवली.

“पावणं, दमानं घ्या,” सयाजी म्हणाला. “सवय नसली की पोट बिघडतंय.”

कानटोपीचा प्रताप, असे साळोख्यांनी ठरवले. पण पाठोपाठ सयाजी विश्वजितकडे वळला. “आणि तुमी ओ? आठवडाभर कुठं गडप झालतासा?”

विश्वजित गोंधळून हसला. मग, जणू काही आठवल्यासारखे, म्हणाला, “थंडी लई हाय की.”

मिसळीच्या दुकानात साळोख्यांनी कानटोपीही काढून ठेवली. नेहमीचे बाकडे, मिसळीवर नेहमीचा तिखटजाळ कट. पहिल्याच घासाला जीभ पेटली. डोळ्यांतून पाणी आले, कानशिले तापली, ठसका थांबेना. ज्या तिखटावर त्यांचा पिंड पोसला होता, ते त्यांच्या तोंडाला ओळखत नव्हते.

“ए, पावण्यास्नी दही द्या रं!” मालक आदर्श गल्ल्यावरून ओरडला. हा दर दिवाळीला त्यांच्या पाया पडायला येई. “उगं नाद करायचा न्हाय पावणं, हे कोल्हापूर हाय!”

सगळे हसले. समोर विश्वजित पाव बुडवून शांतपणे खात होता. त्याने मान वर न करता वाटी पुढे केली. “कट वाढ रं जरा.”

साळोखे त्याच्या कोरड्या कपाळाकडे पाहत राहिले. आयुष्यात त्यांनी अनेकांचा हेवा केला होता, तो नेहमी पुरस्कारांचा. कपाळावर घाम नसण्याचा हेवा त्यांना प्रथमच वाटला.

शिवाजी पेठेच्या वाटेवर क्रांती एका जुन्या दगडी कमानीपाशी थांबली आणि तिने कमानीचे साल चुकीचे सांगितले. याच क्षणासाठी ते आले होते. त्यांनी हात वर केला, घसा खाकरला. साल आठवेना.

“चुकलीस,” विश्वजित म्हणाला. “कमान नंतरची, चौथरा आधीचा. दगडाचा घाटच सांगतो.”

हे वाक्य साळोख्यांचे होते. ते अजून त्यांनी कुठे लिहिलेले नव्हते.

“बरोबर, सर,” क्रांती म्हणाली.

आता विश्वजित पुढे चालत होता आणि सगळे त्याच्यामागून. एका बोळातून दुसऱ्या बोळात. ‘एका कोल्हापुरी घरात जेवण’, असा फेरीचा शेवट पत्रकात होता. कोणते घर, ते नव्हते.

घर साळोख्यांचे होते.

दारात त्यांची पत्नी राजनंदिनी उभी होती. रस्सा उकळल्याचा वास येत होता. तिच्या ओठांवर अनोळखी माणसासाठी राखून ठेवलेले हसू होते.

“या पावणं. लाजू नका, घर आपलंच समजा.”

“नंदा,” ते म्हणाले. “अगं, मी.”

ती दचकली आणि पदर सावरून मागे सरली.

दर रविवारी साळोख्यांनी मीठ चाखल्याशिवाय ती रस्सा चुलीवरून उतरवत नसे. लग्नापासूनचा शिरस्ता होता. तिने पळीभर रस्सा वाटीत घेतला, फुंकर घातली, आणि वाटी विश्वजितपुढे धरली.

“बघा की ओ.”

विश्वजितने चाखले. “चिमूटभर घाल.”

तिने घातले.

साळोखे उंबऱ्यापाशीच उभे राहिले. आत ताटे मांडली जात होती. क्रांती बाहेर आली.

“तू काय केलंस?” त्यांनी विचारले. आवाज आपला वाटला नाही.

तिने मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. ती जे म्हणाली, ते शब्दशः असे:

“व्हय सर, मीच केलं. घाटावरच वळखलं होतं मी तुम्हाला. पावण्यास्नी गाव द्यायचं तर ते कुणाचं तरी काढूनच द्यावं लागतंय. एवढं पत्रकात लिहीत न्हाय मी. एरवी थोडं थोडं काढते, कुणाची एखादी गल्ली, कुणाच्या तोंडची चव, आणि माणसाला कळतबी न्हाय. तुम्ही घाटावर ‘काहीच नाही’ म्हणून सगळंच एकदम टाकलंसा, म्हणून पहिल्यांदाच एका माणसाला अख्खं देता आलं, घरासकट.”